वीस चिठ्ठ्यांचं गणित

मागच्या रविवारी दुपारी भाची आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसली होती, मला वाटलं गणिताचा होमवर्क करतेय. आठवीत आहे ती. शनिवारी नाशिकच्याच सिडकोतून आमच्याकडे पंचवटीत येते आणि ताई दप्तरासकट पाठवते, त्यामुळे मी काही लक्ष दिलं नाही, मटार सोलत बसले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मावशी, हा चारचा पाढा आहे गं."

"कसला?"

"कॅटनिसच्या चिठ्ठ्यांचा. आणि गेलचा सहाचा."

मी वही माझ्याकडे ओढली. हंगर गेम्स ही कादंबऱ्यांची मालिका ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. पॅनेम नावाचा देश आहे, एक कॅपिटल आणि बारा डिस्ट्रिक्ट, आणि दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून एक मुलगा एक मुलगी अशी चोवीस मुलं चिठ्ठी टाकून निवडतात आणि एकमेकांना मारायला मैदानात सोडतात, एकच जिवंत परत येतो, आणि हे सगळं टीव्हीवर दाखवतात. बाराव्या वर्षी तुमची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असं अठरापर्यंत. पण घरात खायला नसेल तर तुम्ही आपल्या नावाची जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल घेऊ शकता, घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक चिठ्ठी, आणि आधीच्या वर्षांच्या चिठ्ठ्या तशाच राहतात. कॅटनिस ही गोष्टीची नायिका, तिच्या घरात ती, आई आणि धाकटी बहीण. म्हणजे बाराव्या वर्षी एक अधिक तीन, चार. पुढच्या वर्षी आठ. सोळाव्या वर्षी वीस. तिचा मित्र गेल, त्याच्या घरात पाच माणसं, तो अठराचा, त्याच्या बेचाळीस.

हे वीस आणि बेचाळीस मी निदान चार वेळा वाचलंय. चार पंचे वीस आणि सहा सत्ते बेचाळीस हे मात्र माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि ही पोरगी मटाराच्या ढिगाशेजारी बसून वहीत दोन रकाने आखून मोकळी झाली होती. खाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं, "ज्याच्या घरात खाणारे जास्त त्याचा पाढा मोठा. मेयरच्या मुलीचा पाढा एकचा."

मला काय झालं सांगता येत नाही, मी उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत मटार सोलायला बसले. पण तेव्हाच ठरवलं की या पुस्तकांबद्दल एकदा सगळं नीट लिहायचं.

माझी सुरुवात २०१२ ची. तेव्हा मी नुकतीच अंबडच्या एका कंपनीत स्टोअर्सला लागले होते, सकाळी साडेसहाला कंपनीची बस, जाऊन येऊन दीड तास. एकदा जुने पेपर घेऊन रद्दीवाल्याकडे गेले, तो काट्यावर गठ्ठा ठेवत होता आणि शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी गठ्ठ्यात एक इंग्रजी पुस्तक होतं, वीस रुपयाला दिलं त्याने. घरी येऊन कळलं की तो हंगर गेम्सच्या तीन पुस्तकांतला दुसरा भाग आहे. तरी वाचायला घेतला. सुरुवातीलाच देशाचा राष्ट्राध्यक्ष एका सोळा वर्षांच्या मुलीच्या घरी येऊन बसतो, अगदी शांतपणे बोलतो, आणि त्याच्या अंगाला गुलाबाचा आणि रक्ताचा वास येत असतो. बस द्वारका चौकात अडकली होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं की बरं झालं अडकली.

पहिला भाग शोधत एका लायब्ररीत गेले. काउंटरवरच्या काकांनी वर न बघताच सांगितलं, ती मुलांची पुस्तकं आहेत, तुमच्यासाठी कादंबऱ्या त्या बाजूला. मी गप्प बाहेर आले. तेव्हा चोवीस वर्षांची होते, पगार मिळवत होते, आणि एवढ्याशा वाक्याने मला एकदम लाज वाटली होती. ती लाज पुढे बरीच वर्षं पुरली, बसमध्ये पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. आता घालत नाही. आणि त्या काकांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता सांगता येईल असं वाटतं.

मोठ्यांच्या अशा कादंबऱ्या पण मी वाचल्यात, जिथे सरकार सगळ्यांवर नजर ठेवून आहे, जग बिघडलंय वगैरे. त्यातला नायक बहुतेक वेळा चाळिशीला आलेला असतो, त्या जगाला सरावलेला आणि थकलेला. यंग ॲडल्ट, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या पुस्तकात तसं नसतं. तिथे एक नियम असतो, आणि तो नियम ज्या दिवशी मुलाला पहिल्यांदा लागू होतो नेमकी तिथून गोष्ट सुरू होते. कॅटनिसची बहीण बारा वर्षांची होते आणि तिची पहिली चिठ्ठी पडते. लोइस लोरीच्या द गिव्हरमध्ये बाराव्या वर्षी समारंभ करून प्रत्येक मुलाला आयुष्यभराचं काम वाटून देतात. अग्लीजमध्ये सोळाव्या वर्षी ऑपरेशन करून सगळ्यांना सुंदर करतात. आजूबाजूच्या मोठ्या माणसांना त्या नियमाचं काहीच वाटत नाही, ती त्या दिवशी छान कपडे घालून येतात. आणि ते पोर एकटंच त्या नियमाकडे बघत उभं असतं, आणि त्याच्याबरोबर आपण. म्हणून मला ही पुस्तकं लहान वाटत नाहीत, कारण एकदा का त्या पोराच्या नजरेने बघायची सवय लागली की घरी आल्यावर घरातले नियम पण दिसायला लागतात. कोण आधी जेवतं, कुणाचं शिक्षण थांबतं, कुणाला विचारून ठरतं.

द गिव्हर तर १९९३ चं आहे, जेमतेम दोनशे पानांचं, आणि कुणाला एकच पुस्तक द्यायचं असेल तर मी तेच देते. जोनस नावाचा मुलगा मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी खेळत असतो आणि सफरचंद हवेत असताना क्षणभर बदलतं. काय बदललं ते त्याला सांगता येत नाही. त्याला नाही तर आपल्यालाही नाही. जवळपास अर्ध्या पुस्तकानंतर कळतं की त्याला लाल रंग दिसला होता, आणि या गावात कुणालाच रंग दिसत नाहीत, आणि आपण शंभर पानं त्या गावात फिरत होतो तरी आपल्या हे लक्षात आलं नव्हतं. भाचीने ते वाचलं तेव्हा ती मागची पानं उलटून परत परत बघत होती, जणू तिला कुणी फसवलंय.

पहिला भाग मला मिळाला तो फेब्रुवारीत, ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या भावाकडून, आणि मी तो वाचला मामाकडे पिंपळगाव बसवंतला. तेव्हा द्राक्षाची काढणी चालू होती. काढणी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, घडाला हात लावायचा नसतो, देठाला धरायचं आणि कात्रीने कापायचं, कारण मण्यांवर जी पांढुरकी लव असते ती पुसली गेली की माल एक्स्पोर्टला चालत नाही. क्रेट भरतात, ट्रॅक्टर येतो, पॅकहाउसला जातं, तिथून मुंबईचं बंदर आणि पुढे परदेश. कामाला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं येतात, हंगामभर बागेच्या कडेला झोपड्या करून राहतात. त्या वर्षी एका कुटुंबात दहा-बारा वर्षांची एक मुलगी होती, दिवसभर कमरेवर धाकटा भाऊ. शाळेचं विचारलं तर म्हणाली, गावाला नाव आहे. संध्याकाळी क्रेट न्यायला ट्रॅक्टर निघाला की त्याचा आवाज सगळ्यात आधी तिला ऐकू यायचा आणि ती ओळींमधून ओरडत धावायची, म्हणजे आजचं काम संपलं.

त्याच रात्री मी रू पर्यंत पोचले. रू म्हणजे डिस्ट्रिक्ट अकराची, शेतीवाल्या डिस्ट्रिक्टची बारा वर्षांची मुलगी, सहा भावंडांत मोठी. फळांच्या बागेत सगळ्यात उंच फांद्यांवर चढायचं काम तिच्याकडे कारण ती हलकी. तिकडे पीक काढणाऱ्यांनी त्यातलं खाल्लं तर सगळ्यांसमोर फटके मारतात. आणि संध्याकाळी काम संपल्याचा झेंडा उंचावरून तिलाच आधी दिसतो, मग ती चार सुरांची एक धून गाते, पक्षी ती बागभर पसरवतात.

मी पुस्तक मिटलं. बाहेर ओसरीवर जाऊन बसले, बागेच्या टोकाला त्यांची चूल दिसत होती. सुझान कॉलिन्सने हे अमेरिकेत बसून लिहिलं आणि २००८ साली ते छापून आलं, तिला पिंपळगाव माहीत असायचं काही कारण नाही. मामा वाईट माणूस नाही, त्याच्या बागेत कुणी घड खाल्ला तर तो ओरडत नाही, मजुरी वेळेवर देतो. पण मी लहानपणापासून दर उन्हाळ्यात-हिवाळ्यात त्या बागेत जात होते आणि त्या झोपड्यांमधल्या मुलांची शाळा कुठे असते हे मी त्या दिवसाआधी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

आणि याला जोडून एक गोष्ट, ती मला बऱ्याच उशिरा कळली. रू हे नाव एका झाडाचं आहे, लहान पिवळी फुलं येणारं, पुस्तकातच तसं म्हटलंय. पुढे कधीतरी शोधलं तर कळलं की रू म्हणजे आपला सताप! आजीकडे तुळशीशेजारी डालड्याच्या डब्यात सताप असायचा, बाळाला सर्दी झाली की शेजारपाजारचे दोन काड्या मागायला यायचे, उग्र वास, हाताला लागला की दिवसभर जायचा नाही. तेव्हापासून ते प्रकरण वाचताना मला तो वास येतो. भाचीला आता कुंडीत लावून दिलाय.

फँटसीकडे मी नंतर वळले. खरं म्हणजे मला ड्रॅगन, तलवारी, भविष्यवाण्या यांचं फारसं आकर्षण नव्हतं. पण फिलिप पुलमनचं नॉर्दर्न लाइट्स, १९९५ चं, हातात आलं आणि त्यातल्या डीमनने मला पकडलं. त्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर प्राण्याच्या रूपात असतो, कायम बरोबर, बोलतो, भांडतो. लहान मुलांचे डीमन सतत रूप बदलतात, आता पतंग, मग मांजर, मग मुंगूस, आणि मूल मोठं झालं की एका रूपावर कायमचे थांबतात. इतकं साधं आणि इतकं खरं! भाची सात वर्षांची असताना दिवसातून चार माणसं व्हायची, आता हळूहळू एकच होत चाललीय, हे मला डोळ्यांसमोर दिसतंय.

त्या पुस्तकात काही माणसं मुलांना पळवून नेऊन त्यांचा डीमन कापून वेगळा करतात. गोष्टीतली मुलगी लायरा, तिला असा एक मुलगा सापडतो, बर्फातल्या झोपडीत, एकटा, आणि त्याने दोन्ही हातांनी एक सुका मासा छातीशी धरलेला असतो. डीमनच्या जागी. तेवढंच त्याला धरायला मिळालेलं. पहाटे तो मरतो आणि मोठी माणसं तो मासा कुत्र्यांना टाकतात, कारण त्यांच्यासाठी तो मासाच. लायरा चिडते, भयंकर चिडते, आणि एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरून ते त्याच्या तोंडात ठेवते. मी हे बसमध्ये वाचलं आणि रडले, शेजारच्या बाईंनी विचारलं घरी सगळं ठीक आहे ना, मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, मासा पण सांगितला, आणि त्या पण डोळे पुसत अंबडला उतरल्या. मुलांची पुस्तकं म्हणे.

अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेबद्दल थोडंच सांगते नाहीतर ही पोस्ट संपणार नाही. पहिलं पुस्तक १९६८ चं, म्हणजे शाळेत जाऊन जादूगार होणारा मुलगा हॅरी पॉटरच्या तीसएक वर्षं आधी. तिथे प्रत्येकाला एक खरं नाव असतं, ते तेराव्या वर्षी गुरू गुपचूप देतो, आणि ज्याला ते माहीत त्याची तुमच्यावर सत्ता. आपल्याकडे बारशाला आत्या कानात नाव सांगते, कुर्र करून, ते मला एकदम आठवलं. आणि त्यातला नायक गोरा नाही, तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, तिथले बहुतेक लोक सावळे-काळे आहेत. १९६८ साली! हे वाचून मला आरशात बघावंसं वाटलं होतं.

एक पुस्तक आणि मालिका यात फरक आहे. एक पुस्तक पाहुण्यासारखं येऊन जातं, मालिका शेजारी राहायला येते. तुम्ही त्या मुलीला बारा-सोळाची असताना भेटता, मग दोन-तीन वर्षं तिच्याबरोबर काढता, आणि तिच्या पहिल्या पुस्तकातल्या चुकांचे परिणाम तिसऱ्यात तिच्या दारात येतात. हॅरी पॉटरचे सात भाग १९९७ ते २००७, दहा वर्षं, माझं अख्खं शाळा-कॉलेज त्यात गेलं. मराठीत पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' नावाने आला, आणि परीस हा शब्द ज्याने तिथे बसवला त्याला माझा नमस्कार आहे, इंग्रजी नावापेक्षा मला तो जास्त आवडतो.

सगळ्याच मालिका शेवटपर्यंत टिकत नाहीत हेही खरं. डायव्हर्जंटचं पहिलं पुस्तक मी एका रात्रीत संपवलं, दुसरं आठवड्यात, तिसरं ओढत ओढत. पाच गट आणि प्रत्येक गटाचा एकच सद्गुण, हा नियम जास्त ताणला की फाटतो. तरी त्यातला निवडीचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. सोळा वर्षांची मुलं, समोर पाच भांडी, एकात दगड, एकात पाणी, एकात माती, एकात काचा, एकात धगधगते निखारे. हातावर सुरीने चिरायचं आणि ज्या गटात जायचं त्या भांड्यावर रक्त धरायचं, आणि घरच्यांचा गट सोडला तर घर सुटलं. त्या मुलीचं रक्त निखाऱ्यांवर चरचरतं. दहावीचा निकाल लागल्यावर आमच्या घरी हॉलमध्ये सगळे बसले होते, बाबा, काका, मोठी आत्या, आणि मधे टेबलावर ॲडमिशनचे फॉर्म. मला आर्ट्सला जायचं होतं. मी कॉमर्सच्या फॉर्मवर सही केली. ते चरचर मला फार ओळखीचं वाटलं. भाचीला आत्तापासूनच लग्नकार्यात लोक विचारतात, पुढे काय करणार, आणि मी मधे पडून सांगते, अजून आठवीत आहे हो ती.

हंगर गेम्सचा तिसरा भाग अनेकांना आवडत नाही, माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. पुढचे काही शब्द ज्यांनी वाचलं नाही त्यांनी सोडून द्या. युद्ध संपतं, कॅपिटल हरतं, आणि जिंकलेल्या बाजूची प्रमुख बाई आधीच्या गेम्सच्या उरलेल्या विजेत्यांना एका टेबलाभोवती बसवून विचारते, आता एक शेवटचे गेम्स घ्यायचे का, यावेळी कॅपिटलच्या मुलांना घालून? मतदान होतं. जुलूम करणारे गेले आणि नियम तसाच टेबलावर पडलाय, फक्त चिठ्ठ्यांवरची नावं बदलायची आहेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात आधी हो आलं होतं. मग घाबरले.

आणि ज्यांना अजूनही हा पोरखेळ वाटतो त्यांच्यासाठी एवढंच. पुस्तकात डिस्ट्रिक्ट बाराचे लोक तीन बोटं ओठांना लावून वर धरतात, प्रिय माणसाला निरोप द्यायची त्यांची जुनी खूण. मे २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तिथली माणसं रस्त्यावर तीच तीन बोटं वर करून उभी राहिली आणि त्यासाठी लोकांना पकडून नेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने तेच केलं तेव्हा पुन्हा तीच तीन बोटं, डॉक्टर, नर्सा, शिक्षक सगळे. बंदूक घेतलेल्या माणसाला एका मुलांच्या पुस्तकातली खूण खुपली.

तर परत रविवारकडे. वहीतलं गणित दाखवून झाल्यावर भाचीने वही उलटी केली, मागच्या बाजूने काहीतरी लिहिलेलं होतं. आधी दाखवेना. मग म्हणाली हसायचं नाही. मी म्हटलं मी कधी हसले का.

तिची गोष्ट नाशिकची आहे. गोदावरी आहे, पण भिंतीच्या आत. पाणी मोजून मिळतं, आणि नियम असा की घरात साठच्या आतली जेवढी माणसं तेवढेच हंडे. म्हाताऱ्यांचा हंडा नाही. त्यामुळे प्रत्येक घर आपल्या म्हाताऱ्यांच्या नावाचं काहीतरी करतं, कुणी वय चोरतं, कुणी आजीला पाहुणी म्हणून लिहितं, आणि घरातलं मूल बारा वर्षांचं झालं की दरवर्षी माणसं मोजून भिंतीपाशी सांगायला त्यानेच जायचं, कारण मुलं खोटं बोलत नाहीत असं तिथल्या लोकांना वाटतं. गोष्टीतली मुलगी उद्या बारा वर्षांची होणार आहे. तिची आजी तिला रामकुंडाच्या गोष्टी सांगते, जेव्हा तिथे कुणीही जाऊन पाणी घेऊ शकायचं.

मी दोन वेळा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मटार तसेच राहिले.

"मावशी, मला एक कळत नाहीये," ती म्हणाली. "हा नियम ज्याने केला तो माणूस वाईट करू का चांगला?"

मी म्हटलं तुला काय वाटतं. ती म्हणाली, "चांगला असेल तर जास्त भीती वाटते." मग म्हणाली पण तसं असेल तर त्याची पण आजी असणार, ते आधी ठरवावं लागेल, आणि पेन्सिल चावत बसली.

वहीची मागची पानं पुढच्या गणिताच्या पानांना जाऊन भिडली आहेत, आता चारच कोरी उरलीत. आज ऑफिसहून येताना शालिमारला उतरून दोनशे पानी वही घेतली, विदाऊट लाइनची तिला आवडत नाही म्हणून एकेरी रेघांची. शनिवारी येईल तेव्हा देईन.